चार नंबरच्या बीमवरचं प्रश्नचिन्ह

१

राळेगाव तालुक्यातल्या सावरखेडला अभ्यासिकेचा स्लॅब टाकून पंचवीस दिवस झाले होते. सोमवारी सकाळी सेंट्रिंगच्या बल्ल्या, म्हणजे स्लॅबखालचे लाकडी टेकू, काढायला सुरुवात झाली. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी गावातली पाच-सात पोरंपोरी मुद्दाम बघायला आली होती. त्यांच्यासाठीच तर ती खोली उभी राहत होती. निम्म्या बल्ल्या निघाल्या असतील, तेवढ्यात वरून 'टक्' असा आवाज आला. सुकी शेंग फुटावी इतकाच.

सळईकाम करणारा भावसिंग मिस्त्री खाली उभा होता. त्यानं मान वर केली आणि ओरडला, "सबन बाहेर निंगा! बल्ली सोडू नोका, हाय तशी दाबून धरा!"

सगळे बाहेर आले. कुणाला खरचटलंही नाही. पण मधल्या, चार नंबरच्या बीमच्या पोटाला तीन बारीक भेगा गेल्या होत्या आणि बीम बोटभर खाली आलेला नुसत्या डोळ्यांना दिसत होता. काढलेल्या बल्ल्या पुन्हा ठोकल्या गेल्या. ठेकेदार भगवानराव राऊत यांनी घाम पुसत नकाशा उलगडला आणि त्या बीमच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं: 3-?12.

तीन सळया, मग एक प्रश्नचिन्ह, मग बारा.

नकाशा यवतमाळच्या चंद्रशेखर बाभुळकर या इंजिनिअरांच्या ऑफिसातून आलेला. बाभुळकरांच्या हिशेबात त्या बीमला सोळा एमएमच्या तीन सळया होत्या. मंगळवारी त्यांच्या ऑफिसचं पत्र ग्रामपंचायतीत पोचलं. 'ड्राफ्टिंगमधील त्रुटीमुळे सळईचा व्यास चुकीचा दर्शवला गेला आहे.' नाव कुणाचंच नव्हतं. पण त्या ऑफिसात ड्राफ्टिंग करणारी एकच मुलगी होती.

२

बुधवारी ती मुलगी, दिपाली गावंडे, रजनीताई उमाळकरांच्या दारात उभी होती. रजनीताईंनी आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं ड्राफ्ट्समनचा ट्रेड शिकवला होता. दिपाली त्यांची विद्यार्थिनी, आर्णीकडच्या कास्तकाराची लेक. तिला बाभुळकरांकडे त्यांनीच लावून दिलं होतं.

"उद्यापासून येऊ नको म्हणे," दिपाली म्हणाली. डोळे कोरडे होते, पण आवाज बसलेला. "शनिवारी गावात सभा हाय. तिथं ते पत्र वाचून दाखवणार. मॅडम, मी सोळाच लिवलं होतं."

"आधी बस. पाणी पी. मग पहिल्यापासून सांग."

नकाशा गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, एका मंगळवारी पूर्ण झाला. दिपालीनं सकाळी पावणेबाराला तो ऑफिसच्या मेलवरून प्लॉटिंगवाल्या, म्हणजे मोठे नकाशे छापून देणाऱ्या, अंकुरकडे पाठवला आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आईला डोळे दाखवायला आर्णीला गेली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आजही तिच्या फाइलीत सोळाच आहे. पण ऑफिसातले म्हणतात, ती तू नंतर दुरुस्त करून ठेवली असशील.

"आणि ते प्रश्नचिन्ह?"

"मंदारसर म्हणते, तू फॉन्ट सोबत पाठवला नाही. प्लॉटिंगवाल्याकडे फॉन्ट नसला का चिन्ह फुटते. एक चूक झाली तं दुसरीबी झाली असंल म्हणते."

मंदार हा ऑफिसातला तरुण इंजिनिअर. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. नकाशातली खास चिन्हं, म्हणजे व्यासाचा तिरक्या रेघेचा गोल, अंशाचं टिंब, अधिक-उणे, ही सगळी फॉन्टच्या जिवावर जगतात. फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की त्यांच्या जागी चौकटी येतात, नाही तर प्रश्नचिन्हं. दर वर्षी एक तरी पोरगं रजनीताईंकडे असा फुटका नकाशा घेऊन रडत यायचं.

"फॉन्ट चिन्ह खातो, दिपाली. सोळाचे बारा करत नाही," त्या म्हणाल्या. "ऑफिसच्या मेलचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"माझ्याकडे, मंदारसरकडे. सरच्या फोनमध्येबी हाय. पण सर कॉम्प्युटरला हातबी लावत नाही. कागदावर पाहते, नाही तं फोनवर मोठं करून पाहते. मंग लाल पेन्सिलनं खुणा करून देते."

दिपालीनं पिशवीतून साइटवरच्या नकाशाची झेरॉक्स काढली. रजनीताईंनी चष्मा लावून ती टेबलावर पसरली. बोटानं एकेक ओळ तपासत गेल्या. कॉलम, पाया, स्लॅब, सगळे बीम. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"यात व्यासाचं चिन्ह एक्केचाळीस ठिकाणी यायला हवं. चाळीस ठिकाणी धडधाकट आहे. एकाच जागी फुटलंय." त्यांनी दिपालीकडे पाहिलं. "फॉन्ट नसता तर एक्केचाळीसही फुटली असती. ही एकच ओळ दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली आहे."

३

अंकुरचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मोठा प्लॉटर घरघरत होता. रजनीताईंना बघून तो उठून उभा राहिला. तोही त्यांचाच एक विद्यार्थी, फक्त अभ्यासात कच्चा.

"मी काही केलं नाही मॅडम," त्यानं आधीच सांगून टाकलं. "आलं तसं छापतो. दुसऱ्याच्या नकाशाले हात लावला तं धंदा बुडन माझा."

"तुला कोण काय म्हणालं? मेल दाखव नऊ तारखेचा."

मेल एक नव्हता, दोन होते. पहिला अकरा सेहेचाळीसचा. दुसरा चार वाजून दहा मिनिटांचा. दोन्ही ऑफिसच्याच पत्त्यावरून. दुसऱ्यात मजकूर काहीच नव्हता, फक्त त्याच नावाची फाइल. पहिली छपाई कुणी न्यायला आलं नव्हतं. दुसरा मेल पाहून अंकुरनं ती फाडून टाकली आणि नवी काढून भगवानरावांना फोन केला.

"दोन्ही फाइली उघड."

पहिलीत चार नंबरच्या बीमवर सोळा होतं. दिपालीनं तोंडावर हात ठेवला. दुसरीत तेच प्रश्नचिन्ह आणि बारा. बाकी दोन्ही नकाशे रेघेला रेघ सारखे.

"आता मजकूर आतून दाखव. आधी पहिलीतला."

अंकुरनं ओळ दुरुस्तीसाठी उघडली. पडद्यावर मूळ अक्षरं आली: 3-%%c16. ड्राफ्टिंग करणाऱ्याला व्यासाचं चिन्ह हवं असलं की तो टक्क्याची दोन चिन्हं आणि पुढे सी टाइप करतो; त्याचा तिरक्या रेघेचा गोल आपोआप बनतो. रजनीताईंनी हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नव्हती.

"हे तं मले झोपेतबी येते," अंकुर म्हणाला.

दुसऱ्या फाइलीत मात्र टक्के नव्हते, सी नव्हता. त्या जागी एक उलटी रेघ आणि भलताच आकडा होता: \U+2205.

"ह्या नंबरचं चिन्ह आपल्या फॉन्टात नाहीच, मॅडम," अंकुरनं मान खाजवली. "म्हणून प्रश्नचिन्ह आलं." मग त्यानं तो आकडा नेटवर टाकला आणि वाचता वाचता हसला. "हे तं व्यासाचं चिन्हच नाही! गणितातलं हाय. रिक्त संच म्हणते याले."

बांधकामाच्या नकाशात रिकाम्या संचाचं काय काम? ते कुणी लिहिलं, आणि कशावर लिहिलं?

४

गुरुवारी त्या एसटीनं राळेगावला आणि तिथून ऑटोनं सावरखेडला गेल्या. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. अभ्यासिकेत बल्ल्यांचं रान उभं होतं. भगवानराव खुर्ची आणायला धावले.

"मॅडम, देवाशपथ सांगतो, कागदावर होतं तेच बांधलं," ते म्हणाले.

"प्रश्नचिन्ह दिसलं तेव्हा विचारलं नाही कुणाला?"

"छपाईत असं फुटतेच ना कधीमधी. आकडा तं साफ होता."

"आणि बारा बघून बरंही वाटलं असेल."

भगवानरावांची नजर खाली गेली. "आता तुमच्यापासून काय लपवू. त्या बीमले सोळाची सळई लागन, हे एस्टिमेटातच लिवलं होतं. त्या हप्त्यात सोळाची सळई मिळूनच नाही राह्यली होती. ना राळेगावात, ना यवतमाळात. नऊ तारखेले दुपारी मी ऑफिसात फोन केलता, का सोळाऐवजी बारा चालन का. मंदारसायबानं उचलला. मोठ्या सायबाले विचारतो म्हणे. मंग अंकुरचा फोन आला का नवा नकाशा आला. मी समजलो, सायबानं बदलून देल्लं."

कोपऱ्यात भावसिंग बसला होता. तो तांड्यातला माणूस, तीस वर्षं सळई वाकवत आलेला.

"मी म्हटलं होतं, बाई," तो म्हणाला. "सोळा काढून बारा टाकाचं असंल तं सळया वाढल्या पाहिजे. तीनच काहून? सहा पाहिजे. यायले म्हटलं, एक फोन करा."

"मग?"

"मंग काय? म्हणे, कागदावर हाय तेच बांध."

बाहेर शाळा सुटल्याची घंटा वाजली.

रजनीताईंच्या मनात गोष्ट लख्ख झाली. हा चुकून पडलेला आकडा नव्हता. सोळा मिळत नाही हे ठाऊक असलेल्या माणसानं, समजून-उमजून केलेला बदल होता; फक्त अर्धाच राहिलेला. सोळाचे बारा झाले, तीनचे सहा व्हायचे राहिले. त्या दुपारी ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आणि दिपाली त्यांत नव्हती, ती आर्णीच्या दवाखान्यात बसलेली होती.

"मंदारला उद्याच गाठते," त्या उठताना म्हणाल्या.

५

शुक्रवारी सकाळी बाभुळकर ऑफिसात नव्हते. मंदार एकटाच होता. फोनचा विषय निघताच त्याचा चेहरा उतरला.

"हो, आला होता फोन. मी सरांना कळवलं. सर त्या दिवशी पुसदला होते, दुसऱ्या साइटवर. म्हणाले, बघतो."

"आणि चार वाजून दहा मिनिटांनी तू काय करत होतास?"

"काहीच नाही. दुपारी दोनपासून पाचपर्यंत लाईट नव्हती. सगळी मशीन बंद होती. खालच्या मेडिकलवाल्याला विचारा."

रजनीताईंनी खिडकीतून खाली हाक मारून विचारलं. खरं होतं ते.

"मंदार, एक काम कर. अभ्यासिकेची फाइल उघड. चार नंबरच्या बीमचं तीन-सोळा आहे, ते सहा-बारा करून दाखव."

मंदारला वाटलं असेल, बाई परीक्षा घेताहेत. त्यानं ओळीवर दोनदा क्लिक केलं. तीन खोडून सहा केले. सोळा खोडून बारा केले. एंटर मारलं. चार-पाच सेकंदांचं काम. नकाशावर तिरक्या रेघेचा गोल जसाच्या तसा, शेजारी सहा आणि बारा.

"मधल्या टक्क्यांना हात नाही लावलास?"

"कशाला लावू? चिन्ह तर तेच राहणार ना. फक्त आकडे बदलायचे."

"बरोबर," रजनीताई म्हणाल्या. "कुणीही तेच करेल. दिपाली तेच करेल. अंकुरही तेच करेल."

मंदारनं माउसवरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, मी फॉन्टचं बोललो ते खरंच मला तसं वाटलं म्हणून. पण नंतर… नंतर वाटेनासं झालं. आणि मग बोलायचं कसं, ते कळेना."

जिना उतरताना रजनीताई मधल्या पायरीवर थांबल्या. पर्समधून फोन काढला. संदेश लिहायच्या जागी त्यांनी आकड्यांचा कीबोर्ड आणला आणि शून्यावर बोट दाबून धरलं. क्षणभरानं शून्याच्या डोक्यावर एक छोटी पट्टी उघडली. त्या पट्टीत तिरक्या रेघेचा गोल होता: ∅.

त्यांनी ते चिन्ह अंकुरला पाठवलं आणि खाली लिहिलं, 'याचा नंबर काय?'

उत्तर आलं, 'बावीस शून्य पाच. तेच हाय मॅडम.'

६

बाभुळकरांचं घर दारव्हा रोडला. अंगणात ते कुंड्यांना पाणी घालत होते. चौतीस वर्षांपूर्वी ते आणि रजनीताई एकाच सरकारी ड्रॉइंग हॉलमध्ये शेजारशेजारच्या बोर्डांवर काम करायचे. स्टेन्सिल न वापरता नुसत्या हातानं छापल्यासारखी अक्षरं काढणारे बाभुळकर एकटेच होते, आणि इतरांच्या नकाशावर एखादं अक्षर वाकडं दिसलं तरी त्यांना चैन पडत नसे.

"या रजनीताई. चहा टाकायला सांगतो."

"चहा नंतर. आधी माझं ऐकून घ्या."

त्या व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या आणि शांतपणे सांगू लागल्या. एक्केचाळीस चिन्हं, त्यातलं एकच फुटलेलं. दोन मेल. लाईट नसलेली दुपार. रिक्त संचाचं चिन्ह, जे ऑफिसातल्या कीबोर्डवर कुठंच नसतं आणि फोनच्या शून्याखाली मात्र असतं.

"म्हणजे बदल फोनवरून झाला," बाभुळकर म्हणाले. पाण्याचा पाइप त्यांच्या हातात तसाच वाहत होता. "फोन सगळ्यांकडेच आहे."

"आहे. पण फोनवर ती ओळ उघडली तेव्हा समोर टक्के आणि सी आले असणार. ज्याला तो कोड माहीत आहे, त्यानं तो तसाच ठेवला असता आणि फक्त आकडे बदलले असते. हे ज्यानं केलं, त्याला तो कचरा वाटला. नीटनेटका माणूस असणार. त्यानं कचरा पुसला, दिसायला व्यासासारखं चिन्ह शोधून काढलं आणि तिथं बसवलं." त्या थोडं थांबल्या. "दिपालीला तो कोड मी शिकवला. अंकुरलाही. मंदारनं आजवर कित्येक वेळा टाइप केला असेल. या सगळ्यांत तो कोड न ओळखणारा एकच माणूस आहे. आम्ही सगळ्यांनी त्याला आधीच वगळलं होतं, कारण तो कॉम्प्युटरला हात लावत नाही."

बाभुळकरांनी नळ बंद केला. आत कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"गेल्या दिवाळीत आभानं फोनमध्ये नकाशांचं ॲप घालून दिलं होतं," ते म्हणाले. आभा त्यांची पुण्याला असलेली मुलगी. "बाबा, आता गाडीत बसून नकाशे बघा म्हणाली. पुसदहून निघालो होतो. मंदारचा निरोप आला. म्हटलं, एवढंसं काम, आपणच करू. ते टक्के बघून वाटलं, पोरीनं घाईत काहीतरी भलतंच दाबलंय. मी ते पुसलं. चिन्ह शोधण्यातच दहा मिनिटं गेली. सापडलं तेव्हा इतका आनंद झाला, की… तीनचे सहा करायचे राहून गेले. मला शेवटपर्यंत वाटत होतं, मी सहा केलेत."

"कधी कळलं?"

"सोमवारी. साइटवर जाताना, गाडीत. फोन उघडला आणि तीन दिसले."

"आणि मंगळवारी पत्र लिहिलंत."

"मंदार फॉन्ट फॉन्ट म्हणत होता. मी फक्त नाही म्हणालो नाही." त्यांनी ओले हात पायजम्याला पुसले. "इतक्या वर्षांत माझी एक भिंत तडकली नाही, रजनीताई. पत्रात मी तिचं नाव नव्हतं घातलं."

"गरज नव्हती घालायची. तिच्या पोटावर पाय द्यायला तेवढी ओळ पुरली. यवतमाळात ऑफिसं किती? उद्या कुठल्या दारात उभं राहायचं तिनं?"

चहा आला, निवला. रजनीताई उठल्या.

"उद्या अकराला सभा आहे. मी तिथं काही बोलणार नाही. बोलायचं ते तुम्ही."

७

शनिवारी अभ्यासिकेसमोरच्या मांडवात शंभरेक माणसं जमली होती. सरपंच इंदुताईंनी पत्र हातात घेतलं आणि वाचायला तोंड उघडलं, तोच बाभुळकर उठले.

"ते वाचू नका," ते म्हणाले. "ते खोटं आहे. मी लिहिलं, आणि खोटं लिहिलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुसदचा रस्ता, फोन, पुसलेलं चिन्ह, विसरलेले तीनचे सहा. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. "दिपाली गावंडेंनी काढलेला नकाशा बरोबर होता. दुरुस्ती माझ्या अंगावर. बीमखाली दोन नवे कॉलम घ्यावे लागतील. त्याशिवाय कुणी आत पाऊल ठेवायचं नाही."

भगवानरावही उठले. "मिस्त्रीनं मले टोकलं होतं," ते म्हणाले. "मी आयकलं नाही. तेबी लिहून घ्या."

मांडवात कुजबुज झाली. पुढे बसलेल्या मुलींमधली निकिता उभी राहिली. "सर, अभ्यासिका कधी मिळन मंग? फेब्रुवारीत पेपर हाय आमचा."

"दिवाळीनंतर पंधरा दिवसांत."

"नक्की?"

"नक्की. या वेळी मिस्त्रींना विचारून सांगतो." बाभुळकरांनी भावसिंगकडे पाहिलं. भावसिंगनं क्षणभर विचार करून मान हलवली.

सभा पांगली. बाभुळकर दिपालीपुढे येऊन उभे राहिले.

"सोमवारपासून या," ते म्हणाले.

"पत्र चुकीचं होतं हे कागदावर लिहून द्या, सर," दिपाली म्हणाली. "सहीशिक्क्यासकट. येण्याचं मी मंग सांगीन."

"देतो. आजच देतो."

ती थोडा वेळ बीमकडे बघत उभी राहिली. नव्या कॉलमांचा नकाशा कुणीतरी काढायलाच हवा होता आणि मापं तर आत्ताच घेता आली असती. तिनं भावसिंगकडून टेप मागून घेतला, बल्ल्यांच्या गर्दीतून वाट काढत आत गेली आणि टेपचं टोक बाभुळकरांच्या हातात दिलं.

"त्या कोपऱ्यात जा, सर. भिंतीले लावून धरा."

बाभुळकर वाकून बल्ल्यांखालून पलीकडे गेले. रजनीताई दारातूनच बघत होत्या. टेप मध्ये झोळ खात होता.

"ताठ धरा," दिपाली म्हणाली.

त्यांनी ताठ धरला. तिनं आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि मगच वहीत लिहिला.